खोकल्याची वही

"डॉक्टर, खोकला काय हटंना."
"किती दिवस झाले?"
"चार."
चार दिवसांत हटणारा खोकला मला अजून भेटायचाय.

*

विषाणूमुळे झालेल्या साध्या छातीच्या खोकल्याची मुदत सरासरी १८ दिवसांची. लोकांच्या मनातली मुदत सात ते नऊ दिवसांची. अमेरिकेत २०१३ साली एका अभ्यासात हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले होते. ते वाचलं तेव्हा माझ्या धंद्याचं गणित मला उलगडलं. मधे जे नऊ-दहा दिवस उरतात त्यांच्यावर निम्मी मेडिकल दुकानं चालतात. पेशंट पाचव्या दिवशी माझ्याकडे येतो, दहाव्या दिवशी चौकातल्या डॉक्टरांकडे जातो, पंधराव्या दिवशी तालुक्याला. अठराव्या दिवशी खोकला थांबतो. यश तालुक्याच्या डॉक्टरांचं.

कधी कधी तो तिसरा डॉक्टर मी असतो. तेव्हा मी काही बोलत नाही.

*

१ फेब्रुवारी २०११ या एका दिवशी देशातल्या ८८० गावा-शहरांतल्या सुमारे ७४०० डॉक्टरांनी आपल्याकडे आलेल्या प्रत्येक पेशंटची तक्रार लिहून ठेवली. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने हा उद्योग मांडला होता. दोन लाखांहून जास्त पेशंट झाले. त्यातल्या निम्म्यांची काही ना काही तक्रार श्वसनाची होती. म्हणजे माझ्या बाकावर बसलेल्यांपैकी एकाआड एक. हे कळायला मला अभ्यासाची गरज नव्हती. पावसाळ्यात बाहेरचा आवाज ऐकला तरी पुरतं.

*

लोकांकडे खोकल्यासाठी जेवढे शब्द आहेत तेवढे आमच्या पुस्तकात नव्हते. आणि हे शब्द नुसते शोभेचे नाहीत, ते निम्मं निदान करून आणतात.

'ढास लागते' म्हणजे कोरडा, थांबता न थांबणारा, बहुधा रात्री पाठ टेकली की सुरू होणारा. मी लगेच दमा, नाकातून मागे घशात उतरणारा शेंबूड, घशाशी येणारं आंबट आणि बीपीची गोळी, असे चार दरवाजे ठोठावतो. 'ठसका लागतो' म्हटलं की विचारायचं, जेवताना का? लकवा होऊन गेलेल्या म्हाताऱ्याला पाणी पिताना ठसका लागत असेल, तर पाणी चुकीच्या नळीत चाललंय आणि महिन्याभरात न्यूमोनिया ठेवलेला. 'उबळ येते' म्हणजे लागोपाठ खोकत मूल लालबुंद होतं, शेवटी श्वास आत ओढताना आवाज होतो आणि उलटी होते. तो डांग्या खोकला. लस घेतलेल्यांत तो असा ठळक दिसत नाही, म्हणून चुकतो.

'छातीत घुरघुर वाजतंय' हे आई बाळाच्या पाठीवर हात ठेवून सांगते. तिला स्टेथोस्कोपची नळी लागत नाही.

'कफ सुकलाय' याचा अर्थ मात्र २७ वर्षांत मला कळलेला नाही. मी मान हलवतो.

*

पिवळा बेडका. हिरवा बेडका. रुमालात गुंडाळून, एकदा तर काड्यापेटीत घालून आणलेला. "बघा, किती पिकलाय."

हा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा. त्यांच्यात एक हिरवट विकर असतं. पेशी जंतूंशी, विषाणूंशी लढून मरतात तेव्हा ते बाहेर पडतं. लढाई चालू आहे एवढंच त्यावरून कळतं, शत्रू कोण ते कळत नाही. रंगावरून अँटिबायोटिक द्यायचं नाही, हे मी स्वतःला बजावून ठेवलंय. गंजासारखा तांबूस बेडका, रक्ताचे धागे आणि घाण वास या तीन गोष्टींना मात्र मी उठून उभा राहतो.

*

टेबलासमोरच्या भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ आहे. दवाखान्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं यंत्र. कमी कुठलं वापरलं जातं विचाराल, तर तेच.

लहान मुलाला न्यूमोनिया आहे की नाही, हे नळीपेक्षा घड्याळ जास्त खात्रीने सांगतं. मूल शांत असताना, आईच्या मांडीवर, कपडा वर करून, पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. तेवढे भरले की न्यूमोनिया धरायचा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर गाडी काढायची. आई याला 'पोट उडतंय' म्हणते. ती म्हणाली की आधी पोट बघायचं, सर्दीची चौकशी मागून.

हे ज्ञान गडचिरोलीत ज्या पद्धतीने वापरलं गेलं त्याचं मला फार अप्रूप आहे. १९८८ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या खेड्यांत गावातलेच आरोग्यसेवक आणि दाया यांना न्यूमोनिया ओळखायला आणि त्यावर औषध द्यायला शिकवलं. दायांपैकी बऱ्याच जणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून त्यांच्यासाठी एक साधन केलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत मणी. श्वास मोजत मणी सरकवत जायचे. वाळू संपायच्या आत मणी संपले तर न्यूमोनिया. औषध साधंच, को-ट्रायमोक्साझोल. ५८ गावांत हे केलं, ४४ गावं तुलनेसाठी ठेवली. जिथे केलं तिथे मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू ५४ टक्क्यांनी कमी दिसले. १९९० साली 'लॅन्सेट'ने तो निबंध छापला.

आणि मी एमबीबीएस, भिंतीवर घड्याळ असून, बाहेर तीस पेशंट बसलेत म्हणून पंधरा सेकंद मोजून चाराने गुणतो. बाळांचा श्वास एका लयीत चालत नाही, थांबतो, मग भरभर चालतो. चाराने गुणलं की चूकही चौपट होते. हे मला माहीत आहे. तरी गर्दीत हात घसरतो.

*

वाफारा: पातेल्यातल्या उकळत्या पाण्याने भाजलेली मुलं मी पाहिलीत, वाफेने न्यूमोनिया बरा झालेलं एकही नाही. मोठ्यांनी हौसेने घ्यावा. मुलांना नको.

*

गावाबाहेर साखर कारखाना आहे. दिवाळीच्या आसपास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि कोप्या उभ्या राहतात. पाचट, ताडपत्री, पुढ्यात तीन दगडांची चूल. पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या आणि फडात जायचं. तिथल्या बायका चाळिशीतच धापा टाकत येतात. विडी नाही, सिगारेट नाही; मशेरी असेल, पण ती फुप्फुसात जात नाही. मी शिकलो तेव्हा सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा आजार) हा सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा रोग होता. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली सिगारेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं, तोवर या बायकांना आम्ही सरसकट 'दमा' असं लिहीत होतो, किंवा 'अशक्तपणा'.

एकीला म्हटलं, चुलीपासून लांब बसत जा. ती म्हणाली, "मग भाकरी कोण थापंल, तुमी?"

डासांच्या कॉइलचंही तसंच. २००३ सालच्या एका मोजणीत एका कॉइलच्या धुरातले बारीक कण शंभरएक सिगारेटींइतके निघाले. दार बंद, खिडकी बंद, उशाशी कॉइल, आणि सकाळी पोराला खोकला का, म्हणून माझ्याकडे. मच्छरदाणी जुनाट वाटते लोकांना.

*

पंप, म्हणजे इनहेलर. या एका शब्दाने जेवढा घोळ घातला तेवढा कुठल्या रोगाने घातला नसेल.

"पंप लावू नका डॉक्टर, सवय लागते." "पोरीचं लग्न व्हायचंय." "पंप म्हणजे शेवटचं." गोळीतून जे औषध मिलिग्रॅममध्ये पोटात जाऊन अंगभर फिरतं, ते पंपातून मायक्रोग्रॅममध्ये थेट छातीत जातं, हे मी आजवर किती वेळा सांगितलं असेल! जो माणूस पंपाला घाबरतो, तोच मेडिकलमधून स्टेरॉइडच्या गोळ्यांची पुडी महिनोन्महिने आणून खातो आणि तोंड सुजलं की 'तब्येत सुधारली' म्हणतो.

पंप घेतलेल्यांना पुढच्या खेपेला माझ्यासमोर तो ओढायला लावतो. बहुतेकांचं औषध जिभेवरच राहिलेलं असतं. मग 'पंपाने फरक नाही'. फरक कसा पडणार, तो घेतलाच नाही.

*

बीपीच्या काही गोळ्यांनी (एनालाप्रिल, रामिप्रिल) दहातल्या एखाद्याला कोरडी ढास लागते, बायकांना जास्त. गोळी सुरू केल्यावर कधी आठवड्यात, कधी काही महिन्यांनी, म्हणून संबंध जुळत नाही. या औषधांच्या घराण्याचा मूळपुरुष ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषातून सापडला. एक मावशी सहा महिने खोकल्याची सिरप पीत होत्या. गोळी बदलली, तीन आठवड्यांत खोकला गेला. मावशी मला देव मानतात. गोळी मीच लिहून दिली होती.

*

अडुळसा. कुंपणाला लावायचा, कारण शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. आजी पानं भाजून रस काढायची आणि मधातून चाटवायची. त्या पानांतल्या व्हॅसिसीन या द्रव्याच्या मागे लागून १९६० च्या दशकात युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन केलं. ते शरीरात गेल्यावर त्याचं अॅम्ब्रॉक्सॉल होतं. आज दुकानातल्या निम्म्या 'कफ पातळ करणाऱ्या' सिरपमध्ये या दोघांपैकी एक असतं. पेशंट म्हणतो, झाडपाल्याने काही होत नाही, चांगलं इंग्रजी औषध द्या. मी अडुळशाचा नातू लिहून देतो.

खोकल्याचे दिवस त्याने फारसे कमी होतात, असं मात्र मी पाहिलेलं नाही. आजीच्या रसानेही नाही, नातवानेही नाही. मधाचं बोट मुलांना रात्री झोप देतं, तेवढं खरं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. त्यात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात.

*

सिरपबद्दल.

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून डायएथिलिन ग्लायकॉल पोटात जाऊन १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. आम्ही विद्यार्थी असताना ते प्रकरण शिक्षक सांगायचे, आणि आम्हाला वाटायचं, झालं, आता पुन्हा होणार नाही. अमेरिकेत १९३७ मध्येच याच द्रव्याने शंभराहून अधिक माणसं मेली होती. तिथेही तसंच वाटलं असणार.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याची मुलं नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली. ताप, सर्दी, खोकला, मग लघवी बंद. वीसहून अधिक दगावली. त्यांना दिलेल्या सिरपमध्ये हेच डायएथिलिन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघालं. चालतं ते ०.१ टक्का. गोड लागतं, स्वस्त पडतं, आणि मूत्रपिंडं जाळतं.

त्या आठवड्यात माझ्याकडे तीन आया अर्धवट बाटल्या घेऊन आल्या. "ही चालंल का?" मी लेबल वाचलं. लेबलवरून मला काय कळणार? मला बाटलीतलं कळत नाही. मला एवढंच कळतं की ज्या पोराला सर्दी-खोकला आहे, त्याला बाटलीचीच गरज नव्हती. दोन वर्षांखालच्यांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका, पाच वर्षांखालच्यांनाही शक्यतो नकोत, असं केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने त्याच ऑक्टोबरात पुन्हा सांगितलं. मी आधी देत नव्हतो का? देत होतो. रिकाम्या हाताने पाठवलं की आई उंबऱ्यापाशी घुटमळते. ती बाटली तिच्या समाधानासाठी होती, आणि खरं तर माझ्याही.

*

"अँटिबायोटिक द्या, लवकर मोकळं करा."

बारा युरोपीय देशांत दोन हजारांहून जास्त मोठ्या माणसांवर झालेली एक चाचणी २०१२-१३ मध्ये प्रसिद्ध झाली. न्यूमोनियाचा संशय नसलेला छातीचा खोकला; निम्म्यांना अमॉक्सिसिलिन, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. त्रासाचे दिवस जवळजवळ सारखेच. साठीच्या वरच्यांतही. अमॉक्सिसिलिनवाल्यांना जुलाब, मळमळ आणि पुरळ जास्त.

हे मला पाठ आहे. तरी शनिवारी रात्री नऊ वाजता, मधुमेही काका, तिसरा दिवस, उद्या दवाखाना बंद, मुलगा पुण्याहून फोनवर, मी लिहितो. डॉक्टर भीतीपोटी लिहितो, हे एकमेकांत तरी कबूल करायला हवं. चूक पकडली जाईल ती न दिल्याची. दिल्याची कोणी पकडत नाही.

परदेशात एक युक्ती करतात: चिठ्ठी द्यायची, पण दोन-तीन दिवस औषध आणायचं नाही, बिघडलं तरच आणायचं. मी करून पाहिली. चिठ्ठी जिना उतरून थेट मेडिकलमध्ये गेली. आता चिठ्ठीऐवजी कागदावर तारीख लिहून देतो: "२३ तारखेपर्यंत खोकला राहील. ताप पुन्हा चढला, दम लागला, छातीत टोचलं तर त्याच्या आधी या. फी नाही." शेवटचे दोन शब्द सगळ्यात गुणकारी.

न्यूमोनिया असेल तर हात आखडायचा नाही. साधं अमॉक्सिसिलिन, पुरेशा मात्रेत, पाच दिवस. तीन गोळ्यांची अॅझिथ्रोमायसिनची स्ट्रिप म्हणजे खोकल्याचा प्रसाद झालाय. ज्याला मिळाली नाही तो नाराज.

*

म्हाताऱ्या माणसाचा न्यूमोनिया खोकत येत नाही. ताप नाही, कफ नाही. सून सांगते, "कालपासून मामंजी बरळतायत, जेवले नाहीत, चादरीतच झालं." घरच्यांना वाटतं वय झालं. चार गोष्टी बघायच्या: भान सुटलंय का, श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त आहे का, वरचं बीपी ९० च्या खाली किंवा खालचं ६० पर्यंत उतरलंय का, वय ६५ किंवा जास्त आहे का. वयाखेरीज एक जरी 'हो' असलं तरी मी घरी ठेवत नाही. या चार गोष्टींना ना फोटो लागतो, ना रक्त.

*

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर. कोविडआधी गावात एक होतं, माझं. आता किराणा दुकानदाराकडेही आहे. त्यामागचं तत्त्व शोधणारे जपानी अभियंते ताकुओ आओयागी एप्रिल २०२० मध्ये गेले, सगळं जग बोट पुढे करून बसलं होतं नेमक्या त्या दिवसांत. ९४ च्या खाली उतरलं की मी सावध होतो. गार पडलेलं बोट आणि नेलपॉलिश त्याला फसवतात. आणि ९८ आलं म्हणून टीबी नाही, असं ते सांगत नाही.

*

ही नोंद लिहायची टाळत होतो.

ट्रॅक्टर चालवणारा, चाळिशीचा. तीन आठवडे खोकला, संध्याकाळी कणकण. मी लेव्होफ्लॉक्सासिन दिलं, पाच दिवस. बरं वाटलं, भूक लागली. महिन्याने परत आला, मी परत तेच दिलं. परत बरं वाटलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा पट्टा दोन भोकं आत गेला होता. बेडका पाठवला: टीबी.

हे औषध टीबीच्या जंतूंनाही थोडं दाबतं. पुरतं मारत नाही, नुसतं लपवतं. रोग आतून चालू राहतो आणि तपासणी चुकू शकते. वर औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी जी थोडी शस्त्रं हातात आहेत, त्यातलंच हे एक. मी दोन महिने त्याचा टीबी झाकून ठेवला. त्या दोन महिन्यांत तो घरात बायको आणि दोन मुलांसोबत एकाच खोलीत झोपत होता. धाकटीला नंतर सहा महिने प्रतिबंधक गोळ्या घ्याव्या लागल्या. तो बरा झाला, आता मला वाकून नमस्कार करतो. मला तो नमस्कार नको असतो.

तेव्हापासून खोकल्याला लेव्होफ्लॉक्सासिन लिहायचं नाही, हा एक नियम मी मोडलेला नाही.

*

पहिला प्रश्न अजूनही तोच विचारतो, "किती दिवस?" फक्त आता उत्तर ऐकून घाबरायची जागा बदललीय. चार म्हटलं की निर्धास्त. पंधरा म्हटलं की बेडक्याची डबी.

टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. पूर्वी काचेवर जंतू शोधत बसायचे. आता ट्रूनॅट नावाचं छोटं यंत्र आहे, गोव्याच्या कंपनीचं, बॅटरीवरही चालणारं. जंतूची जनुकं शोधतं आणि रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही हेही सांगतं. टीबी निघाला तर औषधं फुकट आणि नोव्हेंबर २०२४ पासून खाण्यासाठी महिना १००० रुपये. खाजगी डॉक्टरांनीही प्रत्येक टीबी पेशंटची नोंद सरकारला कळवायची, हा नियम २०१२ पासूनचा. नाव गावभर होईल ही भीती लोकांना आहे. नाव गावभर होत नाही.

तर दोन आठवड्यांवर खोकला गेला असेल, तर बेडका द्या. सकाळी उठल्याबरोबर, साध्या पाण्याने चूळ भरून, मोकळ्या हवेत उभं राहून. दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि छातीतून खाकरून काढा. तोंडातली थुंकी चालत नाही. झाकण घट्ट लावा. डबी आमच्याकडे मिळते, पैसे पडत नाहीत.